ठाणे खाडी : आपण नेमके काय राखत आहोत?

ऐरोलीकर
ठाणे खाडीच्या पश्चिम काठाचा १६९० हेक्टरांचा पट्टा ऑगस्ट २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन (खारफुटीचे वन) आहे आणि ७९४ हेक्टर जलक्षेत्र. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आखले गेले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये दोन्ही मिळून ६५२१ हेक्टरांना महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळाले. नांदूरमध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचे हे महाराष्ट्रातले तिसरे रामसर क्षेत्र.

इथवर सगळे ठीक आहे. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. कोणतीही जागा राखायची म्हटली की ती कोणत्या स्थितीत राखायची, हे ठरवावे लागते. आमच्या बाजूच्या जुन्या गावांतली वडीलधारी माणसे सांगतात की त्यांच्या लहानपणी खाडीत रोहित नव्हते. आज जिथे दाट तिवरे (खारफुटीची झाडे) आहेत तिथे भातशेती होती, मिठागरे होती, आणि बांधाच्या आत दिवाळीनंतर गुरे चरतील असे गवत होते. म्हणजे ज्या पक्ष्याच्या नावाने अभयारण्य झाले तो नवा, आणि ज्या वनाचे आपण रक्षण करतो त्याचाही बराच भाग नवा. मग आपण राखतो आहोत ती स्थिती कोणत्या सालातली? १९५० ची, १९९० ची, की अधिसूचना निघाली त्या दिवशीची?

खाडीकाठच्या रहिवाशांनी, पक्षिनिरीक्षकांनी आणि या विषयाचा कामाच्या निमित्ताने संबंध आलेल्यांनी लिहावे, ही विनंती. 'विकास हवा की पर्यावरण' हा वाद या संस्थळावर अनेकदा झाला आहे. तो इथे नको.

चहाबाज
रोहित पक्ष्यांकडे अधिवासाचा दाखला मागणारा हा पहिलाच धागा असावा. १९९५ पूर्वीपासून वास्तव्य असल्याचा पुरावा जोडावा लागेल, अन्यथा नियमितीकरण होणार नाही.

दिवेकर_नाना
चहाबाज, विनोद आवडला. पण आम्हा मूळ गावकऱ्यांकडेही तोच दाखला मागतात, तेव्हा हसू येत नाही.

ऐरोलीकरांनी विचारले आहे म्हणून खारजमिनीची व्यवस्था काय होती ते लिहितो. या काठावरची आगरी शेती म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. खाडीच्या बाजूला चिखलाचा बांध घालायचा, बाहेरून दगड लावायचे, आणि पावसाळ्याचे गोडे पाणी आत साठवून, सोडून, पुन्हा साठवून जमिनीतला खार धुऊन काढायचा. त्याला काही वर्षे लागत. अशा जमिनीत नांगर घालत नसत, कारण खालचा खार वर येतो. मोड आलेले बी चिखलात फोकून देत. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही खाऱ्या भातजमिनीची आणि मिठागरांची वर्णने आहेत, म्हणजे ही पद्धत तेव्हाही जुनीच होती.

या सगळ्याचा जीव उघाडीत असे. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातून काढलेली मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेली जाड लाकडी फळी. भरती चढू लागली की पाण्याचा दाबच फळीला मोरीवर घट्ट बसवतो आणि खारे पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा जोर जास्त होतो, फळी खालून उचलली जाते आणि शेतातले पाणी बाहेर पडते. माणसाने हात लावायचा नाही. मात्र फळीत कुठे चिंबोरीने बीळ केले, काडीकचरा अडकला, की एका उधाणात अख्ख्या खाराचे, म्हणजे बांधाआतल्या शेताचे, पीक जाते. म्हणून उघाडीवर गावाचे लक्ष असे, आणि बांधाला खांड पडली तर रात्री-अपरात्री सगळ्यांनी जायचे हा शिरस्ता होता.

१९४८ साली खारजमिनीचा कायदा आला, पुढे १९७९ साली दुसरा आला. पण त्याआधीच, १९७० मध्ये, नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि ठाणे व रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन संपादनाखाली गेली. जमीन आपली राहणार नाही म्हटल्यावर बांध कोण राखणार? खांडी पडल्या, खारे पाणी आत आले आणि पाण्याबरोबर तिवराचे बी आले. आज ज्याला दाट कांदळवन म्हणतात त्याच्या मुळाशी आमच्या बांधांचे दगड सापडतील. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, ते याच जमिनीसाठी. तेव्हा इतिहास लिहायचा तर तो पक्ष्यांपासून सुरू करू नये, एवढेच म्हणणे आहे.

शेवाळ
नानांच्या प्रतिसादानंतर पक्ष्यांविषयी लिहिताना थोडा संकोच वाटतो, तरी रोहित इथे का आले हा प्रश्न मूळ चर्चेत महत्त्वाचा आहे.

मुंबई-ठाण्याच्या खाडीत ते मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० च्या दशकात, प्रथम शिवडीला. आज बहुसंख्य थवे लहान रोहितांचे असतात. मोठे रोहित त्यामानाने कमी. दोघांच्या आहारात फरक आहे. मोठा रोहित चिखल ढवळून त्यातले कोळंबीवर्गीय जीव, अळ्या, बारीक शिंपले गाळून घेतो. लहान रोहिताच्या चोचीतली गाळणी फार बारीक असते आणि तो मुख्यतः सूक्ष्म शैवालावर जगतो. डोके उलटे करून चोच पाण्यात धरायची, जाड जीभ दट्ट्याप्रमाणे मागेपुढे करून पाणी आत ओढायचे आणि बाहेर टाकायचे, असे हे यंत्र आहे. जवळून पाहिले तर चिखलावर पक्ष्याने अर्धवर्तुळात मान फिरवल्याच्या खुणा दिसतात. गुलाबी रंगही त्या शैवालातल्या रंगद्रव्याचाच.

आता शैवाल इतके का माजले? दोन्ही काठांवरच्या शहरांचे सांडपाणी, औद्योगिक पट्ट्यातून येणारे पाणी, मुलुंड आणि देवनारच्या कचराभूमींचा निचरा, या सर्वांतून नत्र आणि स्फुरद खाडीत उतरते. खाडीची लांबी सुमारे २६ किलोमीटर, वरचे टोक अरुंद. त्यामुळे आलेले सगळे समुद्रात वाहून जात नाही. उथळ, ऊबदार, पोषक द्रव्यांनी भरलेला चिखल शैवालाला मानवला आणि शैवाल रोहितांना. हे एकमेव कारण आहे असे कोणी म्हणू नये. मात्र सांडपाण्याचा वाटा टाळून हा इतिहास सांगता येत नाही.

दिवेकर_नाना
म्हणजे ज्या घाणीने आमचा जिताडा गेला, बोयरी गेली, खुबे आणि कालवे खाण्याजोगी राहिली नाहीत, तीच घाण यांना मानवली. आणि संरक्षण मिळाले ते घाणीवर जगणाऱ्यांना. निवट्या तेवढ्या अजून दिसतात. त्या कशालाही दाद देत नाहीत.

शेवाळ
नाना, कटू आहे पण चूक म्हणता येणार नाही. पुढचा प्रश्न आणखी अवघड आहे : उद्या सर्व सांडपाण्यावर नीट प्रक्रिया झाली आणि शैवाल घटले, तर रोहितांची संख्या घटेल का? घटू शकेल. तरीही सांडपाणी स्वच्छ व्हायलाच हवे असे माझे मत आहे. प्रमाणाबाहेर पोषण झाले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मग मासेच नव्हे, चिखलातले किडेही मरतात. तुताऱ्या, टिलवे, चिखल्या हे छोटे पक्षी त्याच किड्यांवर जगतात. एका देखण्या पक्ष्याचा आकडा हे खाडीच्या प्रकृतीचे मापक धरू नये.

जुना_कळवेकर
मूळ स्थिती शोधायची तर १९५० वर का थांबायचे? उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक म्हणजे आपले ठाणे. तेराव्या शतकात मार्को पोलोने ज्या 'ताना'च्या व्यापाराचे वर्णन केले तेही हेच. म्हणजे त्या काळी या खाडीतून जहाजे ठाण्यापर्यंत येत होती, आणि आज ओहोटीला होडी अडकते. खाडीचे वरचे टोक कळव्याच्या बाजूने एका अरुंद, उथळ मार्गाने उल्हास नदीला जोडलेले आहे. तिथून येणारे गोडे पाणी पावसाळा सोडला तर नगण्य असते, त्यामुळे गाळ ढकलला जाण्याऐवजी बसतो.

त्यात माणसाने भर घातली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे आली आणि १८५४ साली खाडीवर पूल बांधून ती कल्याणला गेली. त्यानंतर १९७३ चा वाशीचा पूल, १९९२ चा रेल्वेपूल, १९९७ चा दुसरा वाशी पूल, १९९९ चा ऐरोलीचा पूल. प्रत्येक पुलाचे खांब प्रवाह थोडा मंदावतात आणि मंदावलेल्या प्रवाहातला गाळ खाली बसतो. नंतर त्या गाळावर तिवरे उगवतात आणि तीही गाळ धरतात. खाडी भरत जाणे हे निसर्गाचे आणि माणसाचे संयुक्त काम आहे, आणि ते फार पूर्वीपासून चालू आहे.

चहाबाज
हार्बर मार्गावर मानखुर्द ते वाशी या टप्प्यात दरवाजातली माणसे अचानक निसर्गप्रेमी होतात ते या १९९२ च्या पुलामुळेच. त्याचेही श्रेय द्यावे.

भोवत्या
सगळे पाण्याविषयी आणि तिवरांविषयी लिहीत आहेत. ऐरोलीकरांनी पहिल्याच प्रतिसादात बांधाच्या आतल्या गवताचा उल्लेख केला होता, तो कुणीही पुढे नेला नाही, आणि नेमके हेच प्रत्यक्षातही घडते.

भांडुपच्या पंपिंग स्टेशनचा परिसर पक्षिनिरीक्षकांना ठाऊक आहे. तिथे पाचशे-सातशे पावलांत मिठागर, तिवर, पाणकणसांचे बेट आणि कोरडे गवत अशी सरमिसळ आहे. हिवाळ्यात सकाळी गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर उचलून, दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गस्त घालत जातो. मध्येच हवेत थबकतो, पाय खाली सोडून गवतात पडतो, आणि बहुतेक वेळा रिकाम्या पायांनी वर येतो. त्याच गवताच्या कडेला गळ्यावर निळा पट्टा मिरवणारा शंकर पक्षी, तिरचिमण्या, चंडोल, वटवटे असतात. मोठा ठिपकेवाला गरुडही या खाडीवर हिवाळी पाहुणा म्हणून येतो. यांतले निम्मे पक्षी तिवरांच्या दाटीत शिरतही नाहीत.

या पट्ट्याची महसुली ओळख मात्र 'पडीक' अशी असते. पाणथळीला निदान कागदावर मान आहे, झाडाला कोर्टाचा आधार आहे. गवताला कोणी नाही. मोकळा माळ दिसला की त्यावर एकतर इमारत उभी राहते, नाहीतर सत्कार्य म्हणून वृक्षारोपण होते. दोन्हींत गवत मरते.

हे फक्त इथले दुखणे नाही. माझी काही वर्षे सोलापुरात गेली. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले तेव्हा कागदावर त्याचे क्षेत्र ८४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, तालुके, शेते, रस्ते सगळे आले. लोकांचे व्यवहार अडले, रोष वाढला, आणि शेवटी क्षेत्र कमी करून १२२२ चौरस किलोमीटर करावे लागले. दरम्यान माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला. पण त्याच माळावर काळवीट आहेत, लांडगे आहेत, धाविक आहेत. एका पक्ष्याच्या नावाने रेषा आखली आणि पक्षी गेला, तर उरलेल्या माळाचे काय, याचे उत्तर त्या नावात नव्हते. ठाण्याच्या अभयारण्यालाही एका पक्ष्याचे नाव आहे. म्हणून हे लिहिले.

तिवर
भोवत्या, गवताबद्दल पूर्ण सहमती. पण या धाग्यात कांदळवनाकडे उपरा म्हणून पाहण्याचा सूर लागतो आहे, त्याला हरकत नोंदवतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भरावाखाली गेलेल्या खाड्या आणि तिवरे यांची किंमत मुंबईला कळली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यास बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात ती कायम केली. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये झाला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित झाली. या वीस वर्षांच्या मेहनतीशिवाय ऐरोली ते वाशी पट्ट्यात आज टॉवर उभे असते आणि आपण हा धागा त्यांच्या विसाव्या मजल्यावरून लिहीत असतो.

ठाणे खाडीत बहुतांश झाडे तिवराचीच आहेत, कारण खार आणि प्रदूषण दोन्ही सहन करण्याची त्याची ताकद. त्याच्या पानाची मागची बाजू जिभेला लावून पाहावी. झाड नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. चिखलात प्राणवायू नसतो म्हणून बोटभर जाडीची श्वसनमुळे हजारोंनी वर येतात, आणि त्यांच्यामध्ये माशांची, कोळंबीची पिल्ले वाढतात. नानांच्या जिताड्याचे बालपणही तिवरांच्या मुळांशीच जात असे.

दिवेकर_नाना
जिताड्याचे बालपण तिवरात गेले, हे खरे आहे. आमचे वाडवडील तिवर मुळापासून तोडत नव्हते, सरपणासाठी फांद्या काढत. माझी तक्रार झाडाविरुद्ध नाही. सातबारावर भातशेती असलेल्या तुकड्यात बांध फुटून तिवर उगवला की त्या तुकड्याचे वन होते, आणि बांध ज्याच्या दुर्लक्षाने फुटला त्याला कोणी विचारत नाही. बांध पुन्हा घालायला गेलो तर आम्ही गुन्हेगार. याला उत्तर द्या.

तिवर
याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही, नाना. कायदा जमिनीवर आज काय आहे ते पाहतो.

अनघा_सीवूड्स
मला वाटते, सगळेजण ओहोटीच्या वेळची खाडी डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहेत. रोहित ओहोटीला उघड्या चिखलपट्ट्यावर चरतात, तो पट्टा अभयारण्यात आहे. पण दिवसातून दोनदा भरती येते, चिखल बुडतो आणि तिवरांच्या बुंध्यांपर्यंत पाणी चढते. तेव्हा हे पक्षी जातात कुठे? त्यांना उथळ पाण्याची, भोवती झाडी नसलेली, शांत जागा लागते. आमच्या बाजूला नेरुळचा डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ, आणि उरणकडे पाणजे या अशा जागा आहेत, आणि त्या १६९० हेक्टरांच्या बाहेर आहेत.

२०२४ मध्ये भरतीचे पाणी आणणारे मार्ग बुजून डीपीएस तलाव कोरडा पडू लागला तेव्हा आम्ही रहिवासी तिथे उभे राहून पाहत होतो. पक्षी नेहमीप्रमाणे आले, घिरट्या घातल्या, काही उतरले आणि भेगाळलेल्या चिखलावर मान खाली घालून उभे राहिले. त्या वर्षी मेलेले आणि जखमी रोहित सापडले. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर विमानाला थवा धडकून तीसहून अधिक रोहित मेले, ते तर सर्वांनी वाचले असेल. रात्री ते का उडत होते याबद्दल तर्क अनेक आहेत, त्यात शिरत नाही. पण रात्र असो वा दिवस, भरती आली की त्यांना उठावे लागते, आणि उठल्यावर बसायला जागा लागते.

मोजणीदार
निवृत्त स्थापत्य अभियंता आहे, म्हणून अनघाताईंच्या प्रतिसादाला जोड देतो. नवी मुंबईचा बराच भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. त्यामुळे शहराची आखणी करतानाच धारण तलाव ठेवले गेले : भरतीच्या वेळी पावसाचे पाणी त्यांत साठते आणि ओहोटीला झडपांमधून खाडीत जाते. नानांनी उघाडीचे जे वर्णन केले आहे ते वाचताना मला गंमत वाटली, कारण या झडपांचे तत्त्व तंतोतंत तेच आहे. फळी लाकडाऐवजी लोखंडाची, इतकाच फरक.

मात्र उघाडीवर गाव लक्ष ठेवत असे. झडपांवर कोणाचे लक्ष असते, हे पावसाळ्यात वाशीत राहणाऱ्यांना विचारावे. त्या गळू लागल्या, खारे पाणी आणि गाळ तलावांत आला, गाळावर तिवरे उगवली. आता गाळ काढायचा तर तिवरे जातात, आणि तिवरे तोडायची तर न्यायालयाची परवानगी लागते. शहर वाचवण्यासाठी खणलेला खड्डा कायद्याने वन झाला. दोन्ही बाजूंचे म्हणणे बरोबर असल्यामुळेच हा प्रश्न वर्षानुवर्षे लटकला आहे.

चहाबाज
खारघरच्या एका सोसायटीत माझा मेहुणा राहतो. त्यांच्या कुंपणापर्यंत कोल्हा आला होता, तेव्हा व्हॉट्सॲप समूहावर 'परप्रांतीय कुत्रा' म्हणून तक्रार आली. एका काकूंनी त्याला पोळीही टाकली. धारण तलावाचे वन होते, मग कोल्ह्याचा कुत्रा व्हायला काय हरकत आहे?

भोवत्या
पोळी टाकू नये, हे त्या काकूंना कृपया सांगावे. नवी मुंबईच्या तिवरांत सोनेरी कोल्हे आहेत आणि तिवर व गवत यांच्या सीमेवर ते रात्री उंदीर, खेकडे शोधतात. माणसाच्या हातून खाऊ लागले की गावकुत्र्यांशी गाठ पडते, आणि त्यांचे रोग लागतात.

कलम_उपकलम
कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण ऐरोलीकरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आहे.

रामसर करार १९७१ चा, भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. यादीत नाव येणे ही आंतरराष्ट्रीय बांधिलकी आहे; पण जागेवर काम करणारे कायदे आपलेच. कांदळवनाला किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आणि उच्च न्यायालयाचा निकाल यांचे संरक्षण आहे. अभयारण्याला वन्यजीव कायदा आहे. पाणथळींसाठी २०१७ चे नियम आहेत. आता त्या नियमांतली पाणथळीची व्याख्या वाचा : नदीपात्रे, भातशेते, आणि पिण्याचे पाणी, मत्स्यशेती, मीठ, करमणूक किंवा सिंचन यांसाठी मुद्दाम बांधलेली जलस्थाने त्यातून वगळली आहेत. म्हणजे नानांचा खार व्याख्येतच बसत नाही, मिठागर बसत नाही, आणि गवताची तर भोवत्यांनी सांगितलेलीच कथा.

२०२४ साली मुलुंड, भांडुप, कांजूर या पट्ट्यातली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासासाठी देण्यास राज्य सरकारने मंजुरी दिली. ते योग्य की अयोग्य हा धाग्याचा विषय नाही. माझा मुद्दा इतकाच की भरतीच्या वेळी पक्ष्यांना जी उथळ, मोकळी जागा लागते असे अनघाताई म्हणतात, ती बहुधा माणसाने केलेली असते, आणि माणसाने केलेली म्हणूनच ती कायद्याच्या व्याख्येबाहेर पडते.

ऐरोलीकर
सर्वांचे आभार. मी विचारलेला प्रश्न 'कोणत्या सालातली स्थिती' असा होता. नाना, कळवेकर आणि मोजणीदार यांचे प्रतिसाद वाचल्यावर तो प्रश्न निराळ्या प्रकारे मांडावासा वाटतो. इथे कोणतेच एक साल धरता येणार नाही, कारण बांध, उघाडी, मिठागर, पूल, सांडपाणी, तिवर आणि रोहित हे एकामागून एक आले आणि प्रत्येकाने आधीच्याचे रूप बदलले. टिकून राहिलेली गोष्ट एकच : पाणी आत येते आणि बाहेर जाते. तेव्हा राखायचे असेल तर ते येणे-जाणे राखावे, आणि त्यासाठी चिखल, तिवर, मिठागर, तलाव, गवत यांची जी उतरंड लागते ती सलग राखावी. आजची रेषा ओहोटीच्या जागेभोवती आहे. भरतीची जागा तिच्या बाहेर राहिली, हे अनघाताईंचे म्हणणे मला या धाग्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

तिवर यांना एक प्रश्न : तिवरे पुढे सरकत सरकत उघडा चिखलपट्टा व्यापतात, हे तुम्हाला मान्य आहे का?

तिवर
मान्य आहे. या खाडीत कांदळवन वाढले आणि चिखलपट्टे आक्रसले, असे अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. मात्र 'जास्त झाले, तोडा' हा निष्कर्ष काढायला कित्येकजण टपलेले असतात, म्हणून हे वाक्य मी नेहमी जपून उच्चारतो. इलाज झाडावर करू नये; गाळ जिथून येतो आणि प्रवाह जिथे अडतो तिथे करावा.

दिवेकर_नाना
ऐरोलीकर, येणे-जाणे राखायचे म्हणता ते पटले. पण उघाडी राखायला माणूस लागतो. सलग पट्टा आखाल तेव्हा त्यात काठावरच्या गावांना मासेमारीचा आणि बांधबंदिस्तीचा हक्क लिहून ठेवा. तोंडी नको.

कलम_उपकलम
नाना, वन्यजीव कायद्यात अभयारण्य जाहीर करताना हक्कांची चौकशी करण्याची तरतूद आहे. नवा पट्टा जोडायचा झाला तर त्याच टप्प्यावर गावांनी लेखी दावे दाखल केले पाहिजेत. ग्रामस्थांनी एकत्र येऊन मसुदा करायचे ठरवले तर मी साहाय्य करीन. व्यक्तिगत निरोप पाठवावा.

नवी_पिसे
मी पक्षिनिरीक्षणात नवी आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी ऐरोलीला गेले होते तर नुसते पाणी दिसले, पक्षी दूरवर ठिपक्यांसारखे. नेमके कधी आणि कुठे जावे?

दिवेकर_नाना
बेटा, सुट्टी पाहून जाऊ नये, तिथी पाहून जावे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सकाळी नवाच्या आसपास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती आणि बारा वाजता ओहोटी येते, पण तेव्हा भांग असतो, पाणी फार उतरत नाही, चिखल कमी उघडा पडतो. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान उधाणाची भरती असते. तू त्याच दिवसांत गेली असशील.

म्हणून चतुर्थी-पंचमीला सकाळी ऐरोलीला जा, चिखलावर पक्षी दिसतील. आणि पौर्णिमेच्या दिवशी दुपारी अनघाताईंच्या नेरुळला जा.

अनघा_सीवूड्स
अवश्य यावे. तलावात पाणी आहे की नाही ते आदल्या दिवशी इथे कळवते.